स्वस्त मोटार आणि न दिसणारी काटकसर

मुरबाड तालुक्याला अद्याप रेल्वे नाही. शहापूर तालुक्यातून कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग आहे खरा. पण शहापूरच्या माणसाला उतरावे लागते ते आसनगाव स्थानकावर, आणि तेथून पुढे किन्हवलीला किंवा डोळखांबला जायचे तर एसटीची वाट पाहावी लागते, नाहीतर स्थानकाबाहेर प्रवासी भरून निघणाऱ्या खासगी गाडीत जागा मिळवावी लागते. मुरबाडहून सरळगाव, टोकावड्याकडे जाणाऱ्यांची स्थिती याहून वेगळी नाही. या दोन तालुक्यांतील सामान्य माणसाची मोटारीशी ओळख तीन पायऱ्यांनी होते. प्रथम तो तिच्यात दाटीवाटीने बसणारा प्रवासी असतो. पुढे हाती चार पैसे आले की कल्याण-ठाण्याकडे कोणी वापरून काढलेली जुनी गाडी तो घेतो. कोरी गाडी दारात येते ती नोकरी कायम झाल्यावर, अथवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला हाती पडल्यावर.

२२ सप्टेंबर २०२५पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, अधिभारही गेला आणि गाड्यांच्या किमती उतरल्या. आजवर दुचाकीवर असलेली पुष्कळ कुटुंबे आता चारचाकीचा हिशेब मांडू लागली असतील. त्यात गैर काहीच नाही. मात्र हा हिशेब मांडताना विचारलाच पाहिजे असा एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. करामुळे कमी झालेली किंमत सोडून द्या. मुळात ही वस्तू स्वस्त झाली ती तिच्यातले काय वगळल्यामुळे?

वस्तू स्वस्त करणे हा अपराध नव्हे. किंबहुना उद्योगधंद्याचे ते एक मोठे सामाजिक कार्य आहे. परंतु काटकसरीचे दोन प्रकार असतात. एक काटकसर ग्राहकाला दिसते, तो ती तोलतो, मान्य करतो आणि तिच्यासह वस्तू घेतो. दुसरी काटकसर त्याला दिसत नाही, तो ती विकत घेतो ते न कळता, आणि तिची किंमत चुकवतो ती अपघाताच्या क्षणी. पहिलीचा निवाडा बाजाराने करावा. दुसरीचा निवाडा मात्र बाजारावर सोपवता येत नाही, एवढेच या लेखाचे प्रतिपादन आहे.

पद्मिनीपासून नॅनोपर्यंत

आपल्या देशात मोटार फार काळ महाग होती आणि तरीही ती चांगली नव्हती, हे प्रथम लक्षात घ्यावे. परवान्यांच्या काळात कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी आणि कोलकात्याजवळची अँबॅसडर यांच्यासाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत. स्पर्धा नसल्यामुळे गाडी सुधारण्याची निकड कारखानदाराला नव्हती. तेव्हा जास्त किंमत म्हणजे जास्त गुणवत्ता हे समीकरण आपल्याकडे कधीच खरे नव्हते. १४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगावच्या कारखान्यातून मारुती ८०० बाहेर पडली तेव्हा तिच्या हलक्या अंगलटीकडे पाहून अनेकांनी 'पत्र्याचा डबा' म्हणून नाके मुरडली. पण सुमारे पन्नास हजारांत मिळणारी ही गाडी सकाळी एका किल्लीत सुरू होई, इंधन कमी पिई आणि वाटेत क्वचित अडकून पडे. ग्राहकाने तोलून पाहिले आणि कौल दिला.

नॅनोची कथा याच मार्गाने पुढे जाते. एकाच दुचाकीवर नवरा, बायको आणि दोन मुले भर पावसात चाललेली पाहून रतन टाटांना या गाडीची कल्पना सुचली, असे त्यांनी स्वतःच सांगितले होते. पुण्यातील अभियंत्यांनी तिच्या आराखड्यावर मोठे परिश्रम घेतले. जानेवारी २००८मध्ये ती दिल्लीच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली आणि मार्च २००९मध्ये मुंबईत तिची विक्री जाहीर झाली. किंमत, कर व वाहतूक वगळून, एक लाख रुपये. त्यासाठी काय काय केले होते? इंजिन दोनच सिलिंडरांचे, ६२४ घनसेंटिमीटरचे आणि मागच्या बाजूला. काचेला पुसणी एकच. चाकाला चारऐवजी तीन नट. प्रारंभीच्या गाड्यांना मागून सामान ठेवण्याचे दार नव्हते. साध्या प्रकाराला बाहेरचा आरसाही एकाच बाजूला होता.

या यादीवर तेव्हा विनोद पुष्कळ झाले. वस्तुतः यांतील बहुतेक गोष्टी शुद्ध काटकसरीच्या होत्या. पुसणी एक आहे की दोन, हे दुकानात उभ्या असलेल्या कोणालाही दिसते. मागचे दार नाही, तर सामान पुढच्या दाराने घ्यावे लागेल, हेही समजते. ग्राहकाने ते पाहिले आणि नाकारले. वर्षाला अडीच लाख गाड्या काढण्यासाठी साणंदला उभारलेल्या कारखान्यात जून २०१८मध्ये अवघी एक नॅनो तयार झाली. सर्वांत स्वस्त म्हणून मिरवलेली गाडी दारात उभी करणे मध्यमवर्गाला कमीपणाचे वाटले, अशीही तिच्या अपयशाची मीमांसा झाली आणि रतन टाटांनीही पुढे ती मान्य केली. बाजाराने येथे आपले काम चोख केले, असे म्हणावे लागेल.

शून्य तारे

परंतु नॅनोच्या यादीत आणखी काही नोंदी होत्या आणि त्या दुकानात दिसत नव्हत्या. त्या उघड झाल्या जानेवारी २०१४मध्ये. लंडनच्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान मोटारींच्या साध्या, म्हणजे सर्वांत स्वस्त, आवृत्त्या घेतल्या आणि ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून आदळवून पाहिल्या. मारुती ऑल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-टेन, फोर्ड फिगो आणि फोक्सवागन पोलो या त्या पाच गाड्या. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाचपैकी तारे द्यायचे होते. पाचही गाड्यांना शून्य मिळाले.

यातील खरा धडा शून्यापेक्षा अधिक सूक्ष्म आहे. फिगो आणि पोलो यांचा सांगाडा धडकेत टिकला. पण त्यांत एअरबॅग नव्हत्या. ऑल्टो, नॅनो आणि आय-टेन यांचा सांगाडाच अपुरा ठरला. म्हणजे त्यांत नुसत्या एअरबॅग बसवून भागले नसते. पोलोच्या बाबतीत तर परीक्षेचा निकाल डोळ्यांपुढेच बदलला. दोन एअरबॅग असलेली पोलो त्याच परीक्षेत उतरवली तेव्हा तिला चार तारे मिळाले आणि कंपनीने एअरबॅग नसलेली आवृत्ती भारतातून मागे घेतली. रस्त्यावर शेजारी शेजारी उभ्या केलेल्या या दोन गाड्यांतील अंतर सामान्य माणसाला दिसणारे नव्हते. आत बसणाऱ्यासाठी मात्र तेच जीवनमरणाचे अंतर होते.

मे २०१६मध्ये आणखी गाड्यांचे निकाल लागले. त्यांत रेनो क्विड, मारुती सेलेरिओ आणि ह्युंदाई इऑन यांच्याबरोबर आपल्या भागात विशेष परिचयाच्या दोन गाड्या होत्या : मारुती ईको आणि महिंद्र स्कॉर्पिओ. त्यांनाही शून्यच मिळाले. स्कॉर्पिओ ही काही गरिबाची गाडी नव्हे. न दिसणारी काटकसर केवळ स्वस्त गाडीतच होते, हा समजही या निकालाने खोटा पाडला. ईकोचे नाव वाचून मात्र शहापूर-मुरबाडच्या वाचकाने थांबावे. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात प्रवासी नेणाऱ्या, शाळेची मुले पोचवणाऱ्या आणि लग्नाचे वऱ्हाड वाहणाऱ्या गाड्यांत ही गाडी नेहमी दिसते.

बैल आणि मोटार

या साऱ्याचा उलगडा अर्थशास्त्रातील एका सिद्धान्ताने होतो, आणि तो समजण्यासाठी मुरबाड तालुक्यातील म्हशाची यात्रा पुरेशी आहे. पौष पौर्णिमेच्या या यात्रेत गुरांचा मोठा बाजार भरतो. तेथे बैल घ्यायला आलेला शेतकरी त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावले चालवून पाहतो आणि एखादा जाणता बरोबर असेल तर त्याचा सल्ला घेतो. विकणाऱ्याने कितीही वर्णन केले तरी माल डोळ्यांपुढे असतो आणि घेणाऱ्याला त्याची पारख असते. म्हणून चांगल्या बैलाला चांगला भाव येतो.

आता समजा, बैलाचे दात पाहता येत नाहीत, खूर झाकलेले आहेत आणि चालवून पाहण्याची सोय नाही. मग घेणारा चांगल्या बैलालाही सरासरीच भाव देईल. तो भाव न परवडल्याने चांगला बैल आणणारा पुढच्या वर्षी बाजारात येणार नाही आणि हळूहळू बाजारात सुमार जनावरेच उरतील. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७०मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन हेच दाखवून दिले. अमेरिकेत फसव्या मोटारीला 'लिंबू' म्हणतात. त्या लिंबांच्या बाजाराची त्यांनी केलेली मीमांसा इतकी मूलगामी ठरली की २००१मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला, त्यांच्यासमवेत मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनाही.

मोटारीचा सांगाडा म्हणजे बैलाचे झाकलेले दात होत. ग्राहकाला दिसतो तो रंग, आसनांचे कापड, गाण्यांचा संच आणि हल्ली समोरचा चकचकीत पडदा. पत्र्याखालच्या पोलादाची जात, जोडांची मजबुती आणि धडकेचा आघात शोषून घेण्याची क्षमता त्याला दिसत नाही. साहजिकच स्पर्धेच्या दडपणाखाली असलेला कारखानदार दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च करतो आणि न दिसणाऱ्या गोष्टींत बचत शोधतो. त्यासाठी तो दुष्ट असण्याचे कारण नाही. प्रामाणिक कारखानदाराने पोलादावर चार पैसे अधिक घातले आणि ग्राहकाला ते कळलेच नाहीत, तर त्याची गाडी केवळ महाग ठरते.

म्हणूनच ताऱ्यांचे महत्त्व. तारे म्हणजे झाकलेले दात उघडून दाखवणे. ते दिसू लागताच काय झाले पाहा. ज्या कंपनीच्या नॅनोला २०१४मध्ये शून्य मिळाले, तिच्याच नेक्सॉनला डिसेंबर २०१८मध्ये पाच तारे मिळाले. भारतीय बनावटीच्या गाडीला एवढे तारे प्रथमच मिळत होते. महिंद्रच्या नाशिकला तयार होणाऱ्या एक्सयूव्ही ३०० या गाडीने २०२०मध्ये तेच साधले आणि शून्य मिळवणाऱ्या स्कॉर्पिओच्या नव्या अवताराने, स्कॉर्पिओ-एनने, २०२२मध्ये पाच तारे मिळवले. टाटांची पाच ताऱ्यांची लहान गाडी पंच ही तर २०२४मध्ये देशातील सर्वाधिक खपाची मोटार ठरली. तिच्या खपाला इतरही कारणे असतील. पण भारतीय ग्राहक सुरक्षेसाठी पैसे मोजत नाही, हे वाक्य आता पूर्वीच्या विश्वासाने उच्चारता येणार नाही.

दुचाकीचा आक्षेप

याविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. सुरक्षेच्या प्रत्येक नियमाने मोटारीची किंमत वाढते. ती वाढली की दुचाकीवरचे कुटुंब दुचाकीवरच राहते. आणि दुचाकी ही तर शून्य ताऱ्यांच्या मोटारीपेक्षाही धोक्याची. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीस्वार होते. मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी हा युक्तिवाद वेळोवेळी मांडला आहे. तो मांडण्यात कंपनीचा स्वार्थ असेल. पण म्हणून तो असत्य ठरत नाही. टोकावड्याहून मुरबाडला रोज मोटारसायकलीने जाणाऱ्या कारकुनाला पाच तारे परवडत नसतील तर त्याने काय करावे?

या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की सुरक्षेचा किमान खर्च आपण समजतो तेवढा अवाढव्य नाही. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा प्रस्ताव सरकारने २०२२मध्ये मांडला, पुढे ढकलला आणि २०२३मध्ये सोडून दिला. पण २०२५मध्ये मारुतीने ऑल्टो के-टेन, वॅगन-आर, सेलेरिओ आणि ईको या आपल्या स्वस्त गाड्यांच्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅग दिल्या. कालपर्यंत जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते बाजाराचा रोख बदलताच शक्य झाले.

दुसरे उत्तर सरकारला उद्देशून आहे. महाराष्ट्रात मोटारीवरील एकरकमी रस्ता कर तिच्या किमतीच्या टक्केवारीने आकारला जातो. वस्तू व सेवा कराचेही तसेच. अर्थात सुरक्षेपायी गाडीची किंमत वाढली की त्या वाढीवरही सरकार कर घेते. सुरक्षित गाडी घेणाऱ्याने अधिक कर द्यावा, ही रीत उफराटी आहे. चांगले तारे मिळवणाऱ्या लहान गाडीला रस्ता करात सूट दिली तर सुरक्षेचा भार गरीब ग्राहकाच्या खिशावर पडणार नाही. आणि ज्याला कोणतीही मोटार परवडणार नाही, त्याच्यासाठी एसटी आहे. २०२१-२२च्या दीर्घ संपात एसटी थांबली तेव्हा ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना मिळेल त्या गाडीत कोंबून प्रवास करावा लागला. वेळेवर येणारी एसटी हे देखील रस्ते सुरक्षेचेच साधन आहे, हे आपण विसरतो.

ऐच्छिक परीक्षा

कायद्याने गेल्या काही वर्षांत बरीच मजल मारली आहे, हे मान्य केले पाहिजे. समोरून व बाजूने होणाऱ्या धडकेच्या चाचण्या ऑक्टोबर २०१७पासून नव्या मॉडेलांना आणि ऑक्टोबर २०१९पासून सर्वच मोटारींना लागू झाल्या. जुलै २०१९पासून चालकासमोरील एअरबॅग आणि २०२१ अखेर शेजारच्या आसनासमोरील एअरबॅगही सक्तीची झाली. चालकाचा जीव वाचवणारा नियम शेजारी बसलेल्याच्या, म्हणजे बहुधा पत्नीच्या किंवा आईच्या, जिवापर्यंत पोचायला अडीच वर्षे लागली, ही बोलकी गोष्ट आहे.

ऑक्टोबर २०२३पासून आपली स्वतःची भारत एनकॅप परीक्षाही सुरू झाली. तिच्यातील उणीव शिक्षकवर्गाच्या तत्काळ ध्यानात येईल : ही परीक्षा ऐच्छिक आहे. कारखानदाराने आपली गाडी आपण होऊन परीक्षेला पाठवायची असते. नापास होण्याची भीती असलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेस न बसण्याची मुभा दिली, तर वर्गाचा निकाल शंभर टक्के लागेल. पण त्या निकालावरून वर्गाची लायकी कळणार नाही. कायद्याची किमान चाचणी सर्वांनाच द्यावी लागते हे खरे. तिच्यात समोरून धडकेचा वेग ताशी ५६ किलोमीटर धरला आहे. पण ती केवळ उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच ठरवते. ग्राहकाला तुलना करता येईल असे गुण देत नाही. ज्या समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. अशा रस्त्यावर उतरणाऱ्या प्रत्येक मॉडेलचे गुणपत्रक किमतीच्या पाटीशेजारी लावणे सक्तीचे का असू नये?

गावाकडे उतरणारे शून्य

तथापि या साऱ्या सुधारणांत एक वर्ग सुटलेला आहे, आणि तो शहापूर-मुरबाडचा आहे. नियम नव्या गाडीला लागू होतात. जुनी गाडी आहे तशीच राहते. २०१४ किंवा २०१६मध्ये शून्य तारे मिळवणाऱ्या गाड्या मोडीत निघालेल्या नाहीत. शहरातील मालकाने नवी, एअरबॅगवाली गाडी घेतली आणि जुनी विकली. ती आधी लहान शहरात, मग तालुक्याच्या गावी आणि अखेर पाड्यावर पोचते. शहराने टाकलेला धोका अशा रीतीने उतरंडीने खाली येतो, आणि तोही अकेरलॉफ यांनी वर्णिलेल्या त्याच बाजारातून, जेथे घेणाऱ्याला काहीच दिसत नाही. पाच-सहा जणांसाठी केलेल्या अशा गाडीत दहा-बारा माणसे बसली की आसनपट्ट्याचा प्रश्नच उरत नाही.

याला उपाय खर्चाचा नाही, माहितीचा आहे. जुन्या गाडीची मालकी बदलताना प्रादेशिक परिवहन कार्यालयात कागद होतातच. त्या कागदांत गाडीत एअरबॅग किती आहेत, त्या शाबूत आहेत काय, आणि त्या मॉडेलचा धडक-चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला असल्यास तो काय, एवढ्या तीन ओळी सक्तीने याव्यात. शाळेची मुले आणि प्रवासी वाहणाऱ्या गाड्यांना परवाना देताना हीच माहिती गाडीच्या दारावर रंगवण्याची अट घालता येईल. पालकांना ती वाचता येते. वाचल्यावर निवड त्यांची. पण आज त्यांना निवडच नाही.

मोटार स्वस्त व्हावी, ती शिक्षकाच्या, कारकुनाच्या, शेतकऱ्याच्या दारात यावी, याविषयी दुमत नाही. एका पुसणीने भागत असेल तर दुसरी नको. आसनावर साधे कापड चालेल. गाण्यांच्या संचावाचून कोणाचे अडत नाही. कारखानदाराने यांतील वाटेल ते वगळावे आणि आपण ते पाहून घ्यावे किंवा सोडावे. मात्र जे आपल्याला पाहता येत नाही, ते वगळण्याचा अधिकार त्याला नसावा. आणि आजवर जे वगळले गेले ते कोणत्या गाडीत, हे घेणाऱ्याला कळल्यावाचून त्या गाडीचा व्यवहार पुरा होऊ नये. गुरांच्या बाजारात दात झाकलेला बैल कोणी घेत नाही. मोटारीच्या बाजारातही ग्राहकाने तेवढाच हट्ट धरावा, आणि त्याचा हट्ट पुरा होईल अशी तजवीज सरकारने कायद्यात करावी.